प्रकाशोपचार आणि मूलपेशी : वाढ व विभेदन यांवरील प्रकाशाच्या परिणामांचे विवेचन

गोषवारा

विशिष्ट तरंगलांबीचा मंद प्रकाश ठरावीक मात्रेत दिल्यास मूलपेशींची वाढ व त्यांचे विभेदन यांवर परिणाम होतो, असे गेल्या काही दशकांतील प्रयोगांतून दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात या परिणामामागील जैविक यंत्रणा, त्यासंबंधीचे प्रमुख प्रयोग आणि प्रकाशाच्या मात्रेचे महत्त्व यांचा परामर्श घेण्यात आला आहे. पेशींची संख्या वाढविणारा प्रकाश आणि पेशींना विशिष्ट ऊतीकडे वळविणारा प्रकाश हे एकच नसतात. म्हणून 'प्रकाशाने मूलपेशी जागृत होतात' एवढे विधान शास्त्रीयदृष्ट्या अपुरे ठरते, असे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : प्रकाशोपचार, मूलपेशी, विभेदन, तंतुकणिका, तरंगलांबी, मात्रा

१. प्रस्तावना

सूर्यप्रकाश आणि आरोग्य यांचा संबंध मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. तथापि प्रकाशाचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. डेन्मार्कमधील वैद्य नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपयोग केला आणि या कार्यासाठी त्यांना १९०३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज कावीळ झालेल्या नवजात बालकाला निळ्या दिव्याखाली ठेवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात झालेल्या निरीक्षणांतून १९५८ मध्ये या उपचाराची शास्त्रीय मांडणी प्रथम प्रसिद्ध झाली.

काविळीच्या उदाहरणातून एक मूलभूत तत्त्व लक्षात येते. निळा प्रकाश बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याकडून शोषला जातो, त्यामुळे त्या रेणूची रचना बदलते आणि बदललेले द्रव्य शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. लाल दिव्याखाली ठेवल्यास बालकाला हा लाभ होणार नाही, कारण बिलिरुबिन लाल प्रकाश फारसा शोषत नाही. जो प्रकाश शोषला जातो तोच रासायनिक बदल घडवितो, हा प्रकाशरसायनशास्त्राचा पहिला नियम होय. मूलपेशींवरील प्रकाशाच्या परिणामाचा विचारही याच नियमापासून सुरू करावा लागतो.

मूलपेशी आणि लेझर हे दोन्ही शब्द अलीकडे जाहिरातींमधून वारंवार वाचावयास मिळतात. सांधेदुखी, केस गळणे, मधुमेह, मेंदूचे विकार अशा अनेक व्याधींवर या दोहोंच्या साहाय्याने इलाज केला जाईल, असे सांगितले जाते. दीर्घ आजाराने त्रस्त झालेली कुटुंबे अशा आश्वासनांवर मोठी रक्कम खर्च करतात. म्हणून या विषयात नेमके काय सिद्ध झाले आहे आणि काय झालेले नाही, हे समजून घेणे केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच नव्हे, तर सामान्य वाचकांसाठीही आवश्यक आहे.

२. मूलपेशी : संकल्पना

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी ऑक्सिजन वाहून नेते, चेतापेशी संदेश पोहोचविते. याउलट मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल ही असे विशिष्ट काम न स्वीकारलेली पेशी असते. तिचे दोन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. विभाजन पावून स्वतःसारख्या पेशी निर्माण करणे, म्हणजेच आपली संख्या टिकविणे व वाढविणे, हा पहिला गुणधर्म होय. योग्य संकेत मिळताच हाड, कूर्चा, मेद, रक्त यांसारख्या विशिष्ट ऊतीच्या पेशीत रूपांतरित होणे हा दुसरा गुणधर्म असून त्यालाच विभेदन असे म्हणतात.

कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये केलेल्या प्रयोगांतून अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशींच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. २००६ मध्ये जपानमधील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशींचे पुन्हा मूलपेशींसारख्या अवस्थेत रूपांतर करून दाखविले. या कार्यासाठी त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ शरीरातही अस्थिमज्जा, मेदऊती, त्वचा व दाताचा आतील मऊ गाभा अशा ठिकाणी मूलपेशी आढळतात. प्रकाशासंबंधीचे बरेचसे प्रयोग अशा प्रौढ मूलपेशींवरच झालेले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. वाढ आणि विभेदन या एकाच दिशेने जाणाऱ्या क्रिया नाहीत. सामान्यतः वेगाने विभाजन पावणारी पेशी विभेदित होत नाही आणि विभेदनाच्या मार्गाला लागलेल्या पेशीचे विभाजन मंदावते. त्यामुळे मूलपेशींवर प्रकाशाचा 'चांगला परिणाम' झाला असे म्हणताना, यांपैकी कोणता परिणाम अपेक्षित होता, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

३. मंद लेझर उपचाराचा उगम

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच वैद्यकात त्याचे प्रयोग सुरू झाले. हंगेरीतील बुडापेस्ट येथील शल्यविशारद एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर माणिक लेझरचा प्रयोग केला. अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाप्रमाणे लेझरने कर्करोगाची गाठ नष्ट होते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. परंतु त्यांच्या उपकरणाची शक्ती त्या मानाने फारच कमी होती. गाठ नष्ट झाली नाही. मात्र ज्या भागावर प्रकाश टाकला होता तेथील कापलेले केस अधिक वेगाने वाढले व जखमाही लवकर भरून आल्या.

उपकरणाची शक्ती कमी पडली म्हणूनच हा शोध लागला, ही बाब अर्थपूर्ण आहे. तीव्र लेझर ऊती जाळतो, कापतो. मंद लेझर ऊतीला तापवीत नाही, तर तिच्या अंतर्गत क्रियांमध्ये बदल घडवितो. या पद्धतीला प्रारंभी 'मंद लेझर उपचार' असे म्हटले जाई. पुढे साध्या प्रकाशोत्सर्जक डायोडनेही, म्हणजेच एलईडी दिव्यांनीही, असे परिणाम मिळतात असे आढळल्यावर 'फोटोबायोमॉड्युलेशन' ही संज्ञा रूढ झाली. मराठीत तिला 'प्रकाशजन्य जैवनियमन' असे म्हणता येईल.

४. प्रकाश पेशीत कोठे शोषला जातो?

४.१ तंतुकणिका

पेशीला लागणारी ऊर्जा मुख्यत्वे तंतुकणिकांमध्ये एटीपी या रेणूच्या रूपात तयार होते. या प्रक्रियेच्या अखेरच्या टप्प्यावर सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर कार्य करते. त्यात तांबे व लोह यांची केंद्रे असून ती लाल व अवरक्ताजवळचा प्रकाश शोषतात. रशियातील शास्त्रज्ञ टीना कारू यांनी आपल्या दीर्घकालीन संशोधनातून हेच विकर लाल प्रकाशाचे प्रमुख ग्राहक असावे, असे प्रतिपादन केले. प्रकाश शोषल्यावर या विकराची क्रियाशीलता वाढते, एटीपीची निर्मिती वाढते, क्रियाशील ऑक्सिजन कणांची अल्पकालीन व अल्प प्रमाणातील वाढ होते आणि त्या संकेतामुळे केंद्रकातील काही जनुके कार्यान्वित होतात, अशी ही साखळी मानली जाते.

मूलपेशींच्या बाबतीत या स्पष्टीकरणाला वेगळे महत्त्व आहे. अस्थिमज्जेसारख्या आपल्या मूळ स्थानी मूलपेशी कमी ऑक्सिजनच्या वातावरणात राहतात आणि ऊर्जेसाठी तंतुकणिकांवर कमी अवलंबून असतात. विभेदन सुरू झाले की तंतुकणिकांचे कार्य वाढते. प्रकाशामुळे तंतुकणिका कार्यप्रवण झाल्यास मूलपेशी आपली सुप्तावस्था सोडण्यास प्रवृत्त होतात, असे एक गृहीतक यावरून मांडले गेले आहे.

तथापि हे स्पष्टीकरण संपूर्ण नाही. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नसलेल्या पेशींमध्येही ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशाने वाढ वेगवान होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. म्हणजेच या विकराखेरीज प्रकाशाचे अन्य ग्राहकही पेशीत असले पाहिजेत.

४.२ आयन-मार्गिका

पेशीपटलात कॅल्शियमसारख्या आयनांना आत-बाहेर जाऊ देणाऱ्या सूक्ष्म मार्गिका असतात. त्यांतील काही मार्गिका उष्णता व प्रकाश यांना प्रतिसाद देतात. निळा व हिरवा प्रकाश पडल्यावर अशा मार्गिका उघडतात आणि पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते. कॅल्शियम हा पेशीतील महत्त्वाचा संदेशवाहक असल्याने त्याच्या वाढीचा परिणाम पेशीच्या भवितव्यावर होतो.

५. प्रमुख प्रयोग

५.१ मेदऊतीतील मूलपेशी : रंगानुसार बदलणारा प्रतिसाद

अमेरिकेतील बोस्टन येथे मायकेल हॅम्ब्लिन यांच्या प्रयोगशाळेत मानवी मेदऊतीतील मूलपेशींवर झालेले प्रयोग या विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोधप्रद आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निळा (४२०), हिरवा (५४०), लाल (६६०) व अवरक्ताजवळचा (८१० नॅनोमीटर) असे चार प्रकारचे प्रकाश समान मात्रेत, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ ज्यूल, एक दिवसाआड पाच वेळा देण्यात आले. अस्थिपेशींकडे होणारे विभेदन निळ्या व हिरव्या प्रकाशाने अधिक झाले. आयन-मार्गिका औषधाने बंद केल्यास हा परिणाम कमी होत असल्याने त्यामागे कॅल्शियमचा संकेत असल्याचे स्पष्ट झाले.

त्याच गटाने २०१७ मध्ये पेशींच्या संख्यावाढीचा अभ्यास केला, तेव्हा चित्र उलट दिसले. लाल व अवरक्ताजवळच्या प्रकाशाने पेशींची संख्या वाढली, तर निळ्या व हिरव्या प्रकाशाने ती रोखली गेली. म्हणजे पेशी तीच आणि मात्राही तीच, परंतु रंग बदलताच संकेत बदलला. वाढीसाठी लाल आणि अस्थिविभेदनासाठी निळा-हिरवा अशी ही विभागणी दिसते. हा निष्कर्ष मेदऊतीतील मूलपेशींपुरता व त्या प्रयोगांतील परिस्थितीपुरता आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

५.२ दातातील मूलपेशी : संकेताचा संपूर्ण माग

२०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मूनी व प्रवीण अरनी यांच्यासह एका गटाने प्रसिद्ध केलेला प्रयोग यंत्रणेच्या स्पष्टतेमुळे महत्त्वाचा मानला जातो. उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून आतील गाभ्यावर मंद लेझर प्रकाश टाकण्यात आला व छिद्र तात्पुरते बंद करण्यात आले. बारा आठवड्यांनंतर तपासणी केली असता प्रकाश दिलेल्या दातांत डेंटिनची, म्हणजे दाताच्या मुख्य कठीण थराची, निर्मिती अधिक झाल्याचे आढळले.

या परिणामामागील टप्पेही संशोधकांनी उलगडून दाखविले. प्रकाशामुळे क्रियाशील ऑक्सिजन कण तयार होतात. ते टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाच्या सुप्त रूपाला जागृत करतात. हा वृद्धिघटक ऊतीत आधीपासूनच उपस्थित असतो, फक्त तो बांधलेल्या अवस्थेत असतो. जागृत झालेला वृद्धिघटक दंतमूलपेशींना डेंटिन बनविण्याचा संकेत देतो. ज्या उंदरांत या वृद्धिघटकाचा संदेश स्वीकारण्याची क्षमता जनुकीय बदलाने काढून टाकली होती, त्यांत प्रकाशाचा हा परिणाम दिसला नाही. बाहेरून कोणतेही औषध अथवा पेशी न देता शरीरातील उपलब्ध संकेतच प्रकाशाने मोकळा करता येतो, हे या प्रयोगाचे सार होय.

या प्रयोगानंतर 'लेझरने दात उगवतात' अशा आशयाच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. वस्तुतः प्रयोगात संपूर्ण दात उगवला नव्हता व दातावरील कठीण आवरण असलेले इनॅमलही निर्माण झाले नव्हते. अस्तित्वात असलेल्या दातात डेंटिनची भर पडली होती. बातमी आणि प्रयोग यांतील हे अंतर जाणून घेणे वाचकाच्या हिताचे आहे.

५.३ अस्थिमज्जा आणि हृदय

इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठात ऊरी ओरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका निर्माण केलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेवर मंद लेझर प्रकाश दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार अशा उंदरांच्या हृदयातील मृत ऊतीचा भाग लक्षणीय प्रमाणात कमी राहिला. अस्थिमज्जेत उत्तेजित झालेल्या पेशी रक्तावाटे इजा झालेल्या हृदयापर्यंत पोहोचतात, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. प्राण्यांवरील हा निष्कर्ष आशादायक असला, तरी मानवी रुग्णांसाठी तो उपचार ठरत नाही.

६. मात्रेचा प्रश्न

औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगितली जाते. प्रकाशाची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला मिळालेल्या ऊर्जेत, म्हणजे ज्यूलमध्ये, सांगितली जाते. उदाहरणार्थ, दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट शक्तीचा प्रकाश ६० सेकंद दिल्यास ३ ज्यूल ऊर्जा मिळते. मात्र एवढे सांगणेही पुरेसे नाही. तीच ऊर्जा एका सेकंदात दिली आणि दहा मिनिटांत दिली, तर परिणाम सारखाच होईल असे नाही. म्हणून तरंगलांबी, शक्ती, कालावधी, उपचारांची संख्या व त्यांतील अंतर या सर्व बाबी नोंदविणे आवश्यक ठरते.

प्रकाशाचा परिणाम द्विटप्पी असतो, हे दुसरे महत्त्वाचे सूत्र होय. मात्रा फार कमी असल्यास काहीच घडत नाही, मध्यम मात्रेत पेशीला उत्तेजन मिळते आणि मात्रा वाढत गेल्यास तोच प्रकाश पेशीच्या कार्याला प्रतिबंध करतो. थोडेसे क्रियाशील ऑक्सिजन कण संकेताचे काम करतात, अधिक झाल्यास तेच पेशीला इजा पोहोचवितात. 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे वचन येथे अक्षरशः लागू पडते. शिवाय योग्य मात्रा तरंगलांबीनुसार बदलते. मेदऊतीतील मूलपेशींवरील आणखी एका अभ्यासात ८१० नॅनोमीटरला ३ ज्यूल ही मात्रा परिणामकारक ठरली, तर ९८० नॅनोमीटरला त्याच्या दहा ते शंभर पट कमी मात्रा पुरेशी ठरली. पहिला प्रकाश तंतुकणिकांवर, तर दुसरा आयन-मार्गिकांवर कार्य करतो, असे त्याचे कारण देण्यात आले.

७. प्रयोगशाळेतून रुग्णाकडे जाताना

काचेच्या बशीतील पेशींवर प्रकाश टाकणे सोपे असते, कारण तेथे पेशींचा एकच थर असतो. शरीरात प्रकाशाला त्वचा, मेद, रक्त व स्नायू यांतून जावे लागते. कमी तरंगलांबीचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन व त्वचेतील मेलॅनिन शोषून घेतात, तर अधिक तरंगलांबीचा प्रकाश पाणी शोषते. साधारणतः ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशच ऊतीत काही प्रमाणात खोलवर जातो. यातून एक अडचण उद्भवते. अस्थिविभेदनास अनुकूल ठरलेला निळा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरांपलीकडे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे निळ्या-हिरव्या प्रकाशाचा वापर प्रत्यारोपणापूर्वी प्रयोगशाळेत पेशी तयार करतानाच अधिक व्यवहार्य वाटतो.

भारतीय संदर्भात त्वचेच्या वर्णाचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. मेलॅनिनचे प्रमाण अधिक असलेल्या त्वचेत प्रकाशाचा अधिक भाग वरच शोषला जातो. गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवर निश्चित केलेली मात्रा सावळ्या त्वचेच्या रुग्णांना जशीच्या तशी लागू करणे म्हणूनच योग्य ठरणार नाही. तसेच प्रकाश जर पेशींची वाढ वेगवान करीत असेल, तर कर्करोगाच्या गाठीवर थेट प्रकाश देताना सावधगिरी बाळगणे क्रमप्राप्त आहे.

याचा अर्थ प्रकाशोपचाराला वैद्यकात स्थान नाही असा मात्र नव्हे. डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या, तसेच रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण होणाऱ्या रुग्णांच्या तोंडाला वेदनादायक व्रण होतात. ते टाळण्यासाठी तोंडाच्या आतील त्वचेवर मंद प्रकाश देण्याची शिफारस २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत करण्यात आली आहे. तंबाखूच्या सेवनामुळे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात या उपयोगाचे मोल सहज लक्षात येण्यासारखे आहे. हा उपयोग मान्य झाला तो तरंगलांबी व मात्रा निश्चित करून रुग्णांवर घेतलेल्या नियंत्रित चाचण्यांच्या आधारे.

मूलपेशींच्या उपचारांबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रक्तविकारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर हा प्रमाणित उपचार नसून तो केवळ मान्यताप्राप्त चाचणीच्या स्वरूपातच करता येतो. नाळेतील रक्त वगळता दाताच्या गाभ्यासारख्या अन्य ऊतींच्या व्यापारी साठवणुकीलाही या तत्त्वांनी मान्यता दिली नाही. मूलपेशींना प्रकाशाची जोड दिल्याने ही स्थिती बदलत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रकाश हा मूलपेशींसाठी सर्वसाधारण शक्तिवर्धक नसून तो विशिष्ट रेणूंकडून शोषला जाणारा विशिष्ट संकेत आहे.

२) वाढ व विभेदन हे भिन्न परिणाम असून, मेदऊतीतील मूलपेशींबाबत ते भिन्न तरंगलांबींना प्रतिसाद देतात असे दिसून आले आहे.

३) परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. मात्रा वाढविल्याने लाभ वाढतोच असे नाही, उलट तो नाहीसा होऊ शकतो.

४) दंतमूलपेशींवरील प्रयोगाने संकेताची यंत्रणा स्पष्ट केली असली, तरी प्राण्यांवरील व प्रयोगशाळेतील निष्कर्ष हे मानवी उपचाराचे प्रमाण मानता येत नाहीत.

प्रकाश स्वस्त आहे, तो देण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही आणि योग्य मात्रेत तो ऊतीला इजा करीत नाही. या गुणांमुळे या क्षेत्राकडून अपेक्षा बाळगणे रास्त आहे. मात्र ही अपेक्षा डोळसपणे बाळगली पाहिजे. प्रकाशाने मूलपेशींवर उपचार करण्याचा दावा जेथे केला जातो, तेथे कोणती पेशी, कोणती तरंगलांबी, किती मात्रा, वाढ अपेक्षित आहे की विभेदन आणि मान्यताप्राप्त चाचणी झाली आहे काय, हे पाच प्रश्न रुग्णाने अथवा त्याच्या नातेवाइकाने अवश्य विचारावेत. ज्या उपचाराला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तो विज्ञानाच्या नावाने सांगितला जात असला, तरी अद्याप विज्ञानाच्या कसोटीला उतरलेला नाही, असेच म्हणावे लागेल.